जातिसंस्थेपासून धम्मदीक्षेपर्यंत : बाबासाहेबांनी आयुष्यभर सोडवलेला 'संस्थे'चा प्रश्न

मराठीत 'संस्था' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. शिक्षणसंस्था म्हटले की डोळ्यांसमोर इमारत, कार्यकारिणी, पावतीपुस्तक येते. जातिसंस्था किंवा विवाहसंस्था म्हटले की यातले काहीच येत नाही. तिला कार्यालय नसते, नोंदणी क्रमांक नसतो, अध्यक्ष नसतो. तरीही ती शेकडो वर्षे चालते आणि कोट्यवधी माणसांना चालवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन्ही अर्थांच्या संस्थांवर आयुष्यभर काम केले. एकीकडे ते जातिसंस्था कशी जन्मली, का टिकली, कशाने मोडेल याचा शोध घेत होते. दुसरीकडे सभा, वसतिगृहे, वृत्तपत्रे, पक्ष, महाविद्यालये उभी करत होते. आपण जयंतीला महाड, नाशिक, पुणे करार, संविधान, नागपूर असे प्रसंग आठवतो आणि ते आठवलेच पाहिजेत. पण या प्रसंगांना जोडणारा धागा बहुतेक वेळा निसटतो. अन्यायाची एखादी व्यवस्था केवळ निषेधाने का मोडत नाही आणि न्यायाची व्यवस्था केवळ चांगल्या इच्छेने का उभी राहत नाही, हा प्रश्न बाबासाहेबांनी विद्यार्थीदशेत हाती घेतला आणि शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाही. आज वस्तीवस्तीत मंडळे, विहार समित्या, अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांना त्यांचे आयुष्य या बाजूनेही वाचता आले पाहिजे.

छावणीतली शाळा आणि गावची शाळा

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकांच्या मुलांना शिकवणे लष्करात बंधनकारक असल्यामुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या या घरात पुस्तके आली. गावगाड्याने जे दार शेकडो वर्षे बंद ठेवले होते, ते एका वेगळ्या नियमाने चालणाऱ्या व्यवस्थेत उघडले गेले.

पण सरकारच्या मर्जीने उघडलेले दार सरकारच्या मर्जीने बंदही होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या वाटेने रामजींची पिढी वर आली, ती वाट त्यांच्या मुलांपुढे राहिली नाही. दुसऱ्याच्या संस्थेत मिळालेली जागा किती तकलादू असते, हे या घराने जवळून पाहिले.

कुटुंब साताऱ्याला आले आणि लहानग्या भीमरावाला सरकारी शाळेतला दुसरा नियम कळला. शाळेत नाव दाखल होते, हजेरी लागत होती, परीक्षाही होत होती. मात्र बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. शाळेच्या कोणत्याही नियमपुस्तकात हे लिहिलेले नसावे, तरी शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे ते बिनचूक पाळत होते. लिहिलेल्या नियमापेक्षा न लिहिलेला नियम जास्त ताकदवान कसा ठरतो, हे कोडे तिथून त्यांच्या सोबत आले.

न्यूयॉर्कमधला निबंध

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी अर्थशास्त्र शिकले, जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

निबंधाच्या शीर्षकातच तीन प्रश्न आहेत : जातीची यंत्रणा कोणती, तिचा उगम कसा झाला आणि विकास कसा झाला. त्या काळी जातीवर लिहिणारे बहुतेक जण वंशाचा, धंद्याचा किंवा विटाळाच्या कल्पनेचा आधार घेत. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या बाबासाहेबांनी तपासल्या आणि अपुऱ्या ठरवल्या. आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जातीला एकूण जातिव्यवस्थेच्या संदर्भात पाहिले, याचे श्रेय त्यांनी केतकरांना दिले आणि मग केतकरांच्याही पुढे गेले.

त्यांचे उत्तर असे : जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. भारतीय समाजात सगोत्र विवाहाला बंदी, म्हणजे बाहेर लग्न करण्याची पद्धत जुनी होती. तिच्यावर गटाबाहेर लग्न न करण्याचा नियम लादला गेला आणि जात तयार झाली. पण एखाद्या गटाने आपले दार बंद केले की एक व्यावहारिक अडचण येते. गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण सारखे असावे लागतात. नवरा मेला तर एक स्त्री जास्त होते, बायको मेली तर एक पुरुष जास्त होतो. ही जास्त झालेली माणसे गटाबाहेर लग्न करतील, तर दार उघडे पडेल. मग त्या स्त्रीला नवऱ्यासोबत जाळणे किंवा तिच्यावर आयुष्यभराचे वैधव्य लादणे, आणि विधुर पुरुषाला अजून लग्नाचे वयही न झालेली मुलगी देणे, हे उपाय निघाले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा बाबासाहेबांच्या मते जातीचे कुंपण टिकवण्याची साधने होती. त्यांना पवित्र ठरवणारे तत्त्वज्ञान नंतर आले. आधी गरज होती, मग प्रथा झाली आणि मग त्या प्रथेचा गौरव करणारे ग्रंथ.

ही यंत्रणा देशभर पसरली कशी? मनूने कायदा केला आणि सगळ्यांनी मानला, हे बाबासाहेबांना पटले नाही. एका माणसाच्या हुकमाने इतकी मोठी व्यवस्था उभी राहत नाही. मनूने आधीच रुळलेल्या गोष्टीला नियमाचे रूप दिले, असे त्यांचे म्हणणे होते. दार आधी पुरोहित वर्गाने लावून घेतले. वरच्यांचे अनुकरण करण्याची माणसाची सवय असते, म्हणून इतरांनीही आपापली दारे लावली. काहींनी स्वतःहून लावली, काहींना दुसऱ्यांची दारे बंद दिसल्यामुळे लावावी लागली. नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकले गेले आणि अशा वाळीत टाकलेल्यांच्या पुन्हा नव्या जाती झाल्या.

संस्था का टिकतात या विषयावर पुढे जगभर भरपूर लिहिले गेले. नियम, सवय, अनुकरण, शिक्षेची भीती, त्यातून कोणाचे तरी साधणारे हित अशी कारणे त्यात मांडली जातात. यातली बहुतेक कारणे त्या निबंधात हजर आहेत. जातीचे कुलूप स्त्रीच्या आयुष्यावर लावलेले आहे, हा त्यातला सर्वांत मोलाचा शोध होता. पस्तीस वर्षांनी तोच शोध कायदेमंत्र्याच्या फाइलमध्ये पुन्हा दिसणार होता.

पदवी आहे, खोली नाही

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक महाराजांची, पदव्या परदेशातल्या, तरी शहरात राहायला कोणी खोली देईना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. काही दिवसांत ओळख उघड झाली आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. कचेरीतला शिपाईसुद्धा विटाळाच्या भीतीने कागद दुरून टाकत होता. महाराजांचा आदेश कचेरीच्या दारापर्यंतच पोहोचला. दाराच्या आतही त्याचा जोर संपला.

त्यानंतर मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक', मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद आणि पुन्हा लंडन. तिथल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधातही हाच धागा आहे. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर सरकार ती मर्जी आपल्या सोयीने वापरते आणि भाववाढीची झळ गरिबाला बसते. म्हणून चलन काढण्यावर पक्क्या नियमाची मर्यादा हवी, अशी त्यांची मांडणी होती. सत्ताधाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबणारी व्यवस्था त्यांना कुठेच मान्य नव्हती, मग ती टांकसाळ असो की गाव.

पहिली नोंदवही

१९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी लगेच आंदोलन पुकारले नाही. मार्च १९२४ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक बोलावली आणि जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेचे अध्यक्षपद चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते, तर व्यवस्थापक मंडळाची धुरा बाबासाहेबांकडे. उद्दिष्टे साधी होती : वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे, औद्योगिक आणि शेतकी शिक्षणाची सोय करणे, समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले.

वसतिगृह ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. त्या काळी खेड्यातल्या मुलाला हायस्कूलसाठी शहरात यायचे तर शाळा सापडायची, पण झोपायला जागा आणि जेवायला ताट मिळत नसे. बडोद्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने पहिली सोय राहण्याची केली. १९२८ मध्ये काम वाढल्यावर त्यांनी शिक्षणासाठी वेगळे मंडळ काढले. एखादी संस्था कामाला अपुरी पडू लागली की तिच्या नावाला चिकटून न राहता नवी रचना करायची, हे त्यांनी आयुष्यात पुन्हा पुन्हा केले.

महाड : ठराव कागदावर, पाणी तळ्यात

महाडचा लढा या दृष्टीने पुन्हा पाहू. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला होता. तीन वर्षे त्या ठरावाच्या आधारे एकाही अस्पृश्याला पाणी घेता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी मागितलेला हक्क नवा नव्हता. मिळालेला हक्क वापरून त्यांनी त्याला व्यवहारात आणले. त्यावर परतलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न लिहिलेल्या नियमाने लिहिलेल्या नियमाला हरवले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा सनातनी मंडळींनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला, खटला लढायचे ठरवले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. रस्त्यावरची कृती, ग्रंथाच्या पावित्र्याला आव्हान आणि न्यायालयातला चिवट पाठपुरावा या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी घाव घातला गेला. जुनी रूढी नेमक्या कोणत्या खांबांवर उभी आहे हे ज्याने ओळखले, त्यालाच असे घाव घालता येतात.

वतन नावाची बेडी

महार वतनाचा प्रश्न आज तरुणांच्या ऐकण्यात फारसा नसतो, पण संस्था कशी टिकते हे समजून घ्यायला त्याच्यासारखे उदाहरण नाही. वतन म्हणजे पिढीजात गावकीचे काम आणि त्याबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. सांगावे नेणे, सरकारी सामान वाहणे, गावात मेलेली जनावरे ओढणे, रात्रंदिवस हाकेला ओ देणे. जमिनीचे तुकडे वाटणीत इतके लहान झाले होते की त्यावर कोणाचे पोट भरत नव्हते.

तरीही महार माणूस वतन सोडायला तयार नसे. ती आपली जमीन आहे, आपला मान आहे, असे त्याला वाटे. बेडीलाच दागिना समजायला लावणारी ही व्यवस्था होती. थोडेसे द्यायचे आणि त्या थोडक्याच्या ओढीने माणसाला गावात, कामात आणि हीन दर्जात बांधून ठेवायचे. शिवाय काम सरकारचे आणि मोबदला गावकऱ्यांच्या हाती, त्यामुळे जरा मान वर केली की बलुते बंद.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. नुसती मुक्ती मागून भागणार नाही हे त्यांना माहीत होते; वतन गेले तर खायचे काय, हा लोकांचा प्रश्न खरा होता. म्हणून जमीन पूर्ण सारा भरून कायमची वतनदाराकडे राहावी, तिच्यावरची कामाची सक्ती जावी आणि बलुत्याच्या जागी रोख रक्कम मिळावी, अशी वाट त्यांनी सुचवली. विधेयक मंजूर झाले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद घेऊन त्यांनी तोच विषय पुन्हा लावून धरला. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. कोकणातल्या खोतीचेही तसेच. तिच्या उच्चाटनाचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले, पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला आणि खोती १९४९ च्या कायद्याने संपली. मोठ्या संस्था मोडायला एका माणसाचे आयुष्य पुरत नाही, पण मोडण्याचा आराखडा कोणीतरी आधी करून ठेवावा लागतो.

लाहोरला न झालेले भाषण

१९३५ च्या ऑक्टोबरमध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. पुढच्या वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळ बिचकले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती काढल्या.

१९१६ च्या निबंधाला त्यांनी इथे मोठी जोड दिली. जातीत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असते आणि प्रत्येकाच्या खालीही कोणीतरी असते. म्हणून प्रत्येकाला गमावण्यासारखे थोडेफार असते, आणि सगळे पीडित एकत्र येऊन सगळ्या उतरंडीविरुद्ध उभे राहत नाहीत. ही श्रेणीबद्ध विषमता हे जातीच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण होते. दुसरे कारण धर्माचे. माणसे दुष्ट आहेत म्हणून जात पाळत नाहीत, ती धार्मिक आहेत म्हणून पाळतात. त्यामुळे सहभोजनांनी जात जाणार नाही. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय, पण ग्रंथांच्या प्रामाण्याला हात घातल्याशिवाय लोक तो करणार नाहीत. रूढीच्या मागे उभ्या असलेल्या श्रद्धेला पर्याय द्यावा लागेल, हा निष्कर्ष इथे निघाला आणि पुढची वीस वर्षे ते त्या पर्यायाचा शोध घेत राहिले.

संविधान आणि हिंदू कोड

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांची घडी त्यांनी बसवली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अस्पृश्यतेचे कोणत्याही रूपातले पालन गुन्हा ठरवणारे कलम १७ आले. हक्क मोडला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट देणारे कलम ३२ आले, ज्याला ते संविधानाचा प्राण मानत. महाडमध्ये ठराव होता, पण तो मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा नव्हती. ती उणीव या कलमाने भरून काढली.

तरीही संविधान सभेत त्यांनी धोक्याची सूचना दिली. ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या आधारे त्यांनी संवैधानिक नीती ही कल्पना मांडली. नियम पाळण्याची सवय समाजात आपोआप नसते, ती रुजवावी लागते, आणि भारतात लोकशाही ही लोकशाही नसलेल्या जमिनीवरचा वरचा थर आहे, असा त्यांचा इशारा होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला आणि राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतला विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असे बजावले. त्याच भाषणात भिक्खू संघाची आठवण आली. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला माहीत होते, म्हणजे ही पद्धत या भूमीला परकी नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जीव ओतला. मुलीला आणि विधवेला संपत्तीत हक्क, घटस्फोटाचा अधिकार, एकपत्नीत्व, विवाहात जातीची अट रद्द. न्यूयॉर्कच्या निबंधात सांगितलेले कुलूप आता कायद्याच्या किल्लीने उघडायचे होते. विरोध प्रचंड झाला, विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्यातला बराच भाग चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आला.

महाविद्यालये आणि दीक्षाभूमी

जुलै १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नावे पाहा : सिद्धार्थ, मिलिंद, आणि परिसराचे नाव नागसेनवन. धर्मांतराच्या कित्येक वर्षे आधी मुले बौद्ध परंपरेतली नावे प्रवेश अर्जावर लिहू लागली होती. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पोरे तिथे शिकली आणि पुढे दलित साहित्याची एक मोठी फळी औरंगाबादच्या त्या वातावरणात घडली.

१९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बौद्ध धम्माच्या भवितव्यावर लिहिले. सामान्यांना वाचता येईल असा एक ग्रंथ हवा, भिक्खू संघाच्या रचनेत आणि उद्दिष्टांत बदल हवा, जागतिक स्तरावर प्रचाराची यंत्रणा हवी, असा आराखडा त्यात होता. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभेची नोंदणी झाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा तो ग्रंथ त्यांनी आजारपणाशी झुंजत पूर्ण केला. १९५७ मध्ये तो प्रकाशित झाला.

धम्म भारतातून का ओसरला, याचाही त्यांनी संस्थेच्या नजरेने विचार केला. संघात प्रवेश करणाऱ्या भिक्खूला दीक्षा होती, नियम होते, सभासदत्व होते. गृहस्थ उपासकाला मात्र धम्मात प्रवेशाचा वेगळा विधी नव्हता. त्यामुळे उपासक इकडे बुद्धाला वंदन करी आणि तिकडे जुने देव, जुने संस्कार, जुनी जात सांभाळी. संघ विस्कळीत झाला तेव्हा धम्म धरून ठेवणारा संघटित उपासकवर्ग उरला नाही. ही एक गंभीर त्रुटी होती, असे त्यांनी त्या ग्रंथात स्पष्ट नोंदवले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात ही त्रुटी भरून काढली गेली. बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः, एका गृहस्थाने, समोरच्या लाखोंना दीक्षा दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. कोणते देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, समता मानीन, पंचशील पाळीन. प्रत्येक प्रतिज्ञा घरातल्या रोजच्या वागण्याला हात घालते. अनुकरणाने, संस्काराने आणि भीतीने टिकलेल्या जुन्या संस्थेच्या जागी जाणीवपूर्वक, उघडपणे, एकमेकांच्या साक्षीने स्वीकारलेली नवी संस्था त्यांनी उभी केली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार असल्याचे जाहीर केले आणि प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. एका वाक्यात पुरोहिताची मक्तेदारी संपवली, दुसऱ्यात संस्थेच्या खर्चाची सोय लावली.

त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्यानंतर काय टिकले

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून अवघ्या अडीच हजारांच्या आसपास लोकांची नोंद होती. १९६१ मध्ये हा आकडा सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेला. संस्थापक दोन महिन्यांत गेला, तरी दीक्षेचा ओघ थांबला नाही, कारण दीक्षा द्यायला त्याच्यावाचून अडणार नाही अशी तजवीज त्याने आधीच केली होती.

राजकीय आघाडीवर चित्र वेगळे दिसले. त्यांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्यात फूट पडली. राजकारणात येणाऱ्यांना तयार करण्यासाठी त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत प्रशिक्षण वर्ग सुरू केला होता, पण तो रुजायला वेळच मिळाला नाही. जिथे प्रवेशाची रीत, कामाचे नियम आणि पुढच्या माणसाची तयारी होती तिथे काम टिकले. जिथे सगळे एका व्यक्तीभोवती होते तिथे ती व्यक्ती गेल्यावर ओढाताण झाली.

हा निष्कर्ष आपल्या रोजच्या कामाला लावून पाहण्याची गरज आहे. आपल्या वस्तीतल्या मंडळाची सभासद नोंदवही आहे का? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब भिंतीवर लागतो का? विहार समितीत बाया किती आणि त्या सह्या करतात की निर्णय घेतात? अध्यक्ष किती वर्षे बदललेला नाही? अभ्यासिका चालवणारा एकटा कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला गेला तर दुसऱ्या दिवशी कुलूप कोण उघडणार? आणि १९१६ चा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही : लग्न जुळवताना आपण अजून पोटजात विचारतो का? विचारत असू, तर प्रतिज्ञा घेऊनही जुन्या संस्थेचे कुलूप आपल्याच दाराला लटकते आहे.

बाबासाहेबांनी लढे उभारले, तशाच नोंदवह्याही उघडल्या, घटना लिहिल्या, वसतिगृहांची भाडी भरली, इमारतींसाठी पैसे जमवले. हे काम फोटोत दिसत नाही. पुढच्या १४ ऑक्टोबरच्या आत आपापल्या मंडळाची सर्वसाधारण सभा बोलवा, हिशेब मांडा आणि विशीतल्या दोन मुली व दोन मुलांवर नावानिशी जबाबदारी सोपवा. सुरुवात एवढ्यापासून होऊ शकते.

जय भीम! नमो बुद्धाय!